सैल मूठ

बिरदेव पिंपळीत तलवारींच्या मुठी बांधायचा. खऱ्या तलवारींच्या नव्हे, नाटकातल्या. टीव्हीवर जादूगारांच्या आणि उडत्या राजकुमारांच्या मालिका सुरू झाल्या, तशा गावोगावच्या नाटकमंडळ्यांना तसल्याच नागमोडी तलवारी हव्याहव्याशा वाटू लागल्या. पातं एमआयडीसीतला एखादा वेल्डर कापून देई, मूठ मात्र बिरदेवाकडचीच. गिऱ्हाइकाला तो ओल्या मातीचा गोळा आवळायला लावायचा. बोटांचे खड्डे जसे पडतील तसं लाकूड कोरायचा आणि वर बकऱ्याचं कातडं ओलं असतानाच ताणून शिवायचा. वाळलं की ते असं आवळून बसायचं की विचारू नका.

डाळजच्या विजयसिंहानं गोळा आवळला तेव्हा माती बोटांच्या फटींतून बाहेर आली.

"इंदापूरला नाटक हाय. मी राजकुमार," तो म्हणाला. "आन राक्षस कोण, म्हाईत हाय का? आमचा भीमा." आणि हसला.

बिरदेवाला हसू आलं नाही. या दोघा सख्ख्या भावांनी सामाईक विहिरीवरून एकमेकांची डोकी फोडली होती, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. गिऱ्हाईक आणलेलं पातं ठेवून गेल्यावर त्यानं सहज त्यावर अंगठा टेकवला, तर रक्तच आलं. नाटकातल्या पात्याला कुणी धार लावतं का? चारचौघांदेखत मारायचं आणि चुकून लागलं म्हणायचं, दुसरं काय!

पोलिसांत जावं, तर तलवार याच्याच घरात. विजयसिंहाला विचारावं, तर तेवढी छाती कुणाची? मग भित्र्या माणसाला सुचतं तेच त्याला सुचलं. मुठीत लाख नावापुरती ओतली, पातं धरून ठेवणारा आडवा खिळा मारलाच नाही, आणि वरून कातडं असं झकास शिवलं की कुणाला शंका येऊ नये. पहिल्याच वाराला पातं निखळेल आणि भीमा वाचेल, एवढाच त्याचा हिशेब. विजयसिंह खुशीत तलवार घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना बिरदेवानं बायकोला, सिंधुबाईला, सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी वाढता वाढता हात थांबवला.

"आवं, पर पातं निखाळलं तर जाईल कुठं?"

बिरदेवाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. वार ज्याच्यावर, पातं त्याच्याच अंगावर जाणार. विजयसिंहाच्या मनात काही असो नसो, भीमाला आता आपणच मारणार होतो.

तालीम त्याच दुपारी होती. शेजाऱ्याची एम-एटी गाडी मागून घेऊन तो जो सुटला, तो वाटेतल्या प्रत्येक उसाच्या ट्रॉलीला शिव्या घालत आणि बिरोबाला हात जोडत इंदापूरला पोचला. शाळेच्या मैदानात भीमा शिंगं लावून गुडघ्यावर बसला होता. विजयसिंहानं तलवार उगारली होती.

"विजयसिंहराव, हात खाली घ्या! मूठ सैल हाय. म्या मुद्दाम सैल ठिवलीय."

विजयसिंहानं तलवार खाली घेतली. पातं पकडून जरा ओढलं, तर ते सुळकन बाहेर आलं. मग बिरदेवाला का आणि कसं ते सगळं सांगावं लागलं. सगळी मंडळी ऐकत होती, भीमाही ऐकत होता.

"धार भोपळ्यासाठी हाय, येड्या," विजयसिंह म्हणाला.

भीमाच्या खांद्यावर रंगवलेला भोपळा बांधला होता, राक्षसाचं दुसरं डोकं म्हणून. ते एका घावात उडवायचं होतं. युक्ती भीमाचीच होती, आणि या नाटकापायी दोघे भाऊ पुन्हा बोलायला लागले होते.

बिरदेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिथंच शाळेच्या पायरीवर बसून येताना पिशवीत टाकलेली लाख तापवली, मूठ भरली, खिळा ठोकला. दोन्ही हातांनी हिसडून पाहिलं आणि तलवार विजयसिंहाच्या हातात दिली.

"आता हलायची न्हाय."

विजयसिंह जागेवर जाऊन उभा राहिला. भीमानं मात्र खांद्यावरचा भोपळा सोडला आणि बाकावर नेऊन ठेवला.

"दादा, ह्यो हितं ठिवून मार," तो म्हणाला, आणि मैदानाच्या पार कडेला जाऊन उभा राहिला.