स्क्रू आणि खिळे

चक्रीवादळ पहाटे आलं आणि सुताराच्या धाकट्या भावाच्या अंगणातली एक बादली उलटी करून निघून गेलं. भावाच्या खिडक्यांवर वादळासाठी लावलेल्या फळ्या काढून सुतार सकाळी घरी परतला, तेव्हा बायको दारातच उभी होती.

"जावेच्या खिडक्यांना स्क्रू आणि माझ्या चौकटींना खिळे?"

"अगं, स्क्रू संपले."

"संपले की तिच्याकडे संपवले? खिळा उपटला की लाकूड फाटतं, हे तुम्हीच सांगता ना?"

"ती घाबरली होती गं."

"आणि मी काय वादळाची मावशी?"

सुताराने खिळ्याला पकड लावली. तिने त्याचा हात धरला.

"फळ्या राहू द्या. पुढच्या वादळाला तरी आमचा नंबर आधी लागेल."

भर उजेडात घरात दिवा लावून ती भाजी चिरायला बसली.