उठवायला केलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि फार थकले आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीला थकायला काय झाले, ती तर नुसती बसून असते. इथेच तुमचे चुकते. बसतात ती माणसे. खुर्ची जन्मभर उभीच असते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लाल प्लॅस्टिकची बैठक आणि खाली एकच लोखंडी खांब. एकाच साच्यातून निघालेल्या माझ्या बहिणी जगभरच्या अशा दुकानांत गेल्या, जिथे एकाच चवीचा बर्गर आणि एकाच मापाचे बटाट्याचे तळलेले काप मिळतात. आमची बैठक मुद्दाम पुढे उतरती ठेवली होती. माणूस बसला की हळूहळू घसरत राहतो, त्याची कंबर कुरकुरते आणि खाणे संपताच तो उठतो. मग तिथे दुसरा बसतो. थोडक्यात काय, मला जन्माला घातले ते माणसांना उठवायला. या दुकानात काचेच्या भिंतीजवळ मला बोल्टने फरशीला आवळले. त्यानंतर कित्येक वर्षे मी तसूभरही हलले नाही.

सुरुवातीला सगळे ठरल्यासारखे चालले. लोक ठेवणीतले कपडे घालून यायचे, हळू आवाजात बोलायचे आणि खाऊन लगेच निघायचे. माझी चकाकी बघून एक आजी म्हणाल्या, "देखणी आहे हो खुर्ची. बसायला मात्र मेली वैरीण." कौतुक आणि शिवी मला एकाच दमात मिळाली.

पुढे लोकांची भीड चेपली. कापांच्या एका पुड्यावर चौघी मैत्रिणी अख्खी दुपार काढू लागल्या. कोणी घरून तिखटाची पुडी आणून बर्गर उघडायचे आणि आत भुरभुरवायचे. शिकवणीच्या बाई कोपऱ्यात मुलांकडून गणिते सोडवून घेऊ लागल्या. भिंतीवर पाटी होती, 'खाणे संपल्यावर कृपया जागा मोकळी करावी.' बरोबर तिच्याखाली एक निवृत्त पोस्टमन खुशाल घोरत असत. मॅनेजरताई आधी उठवायला जायची. पण ती इथलीच मुलगी, रोज याच लोकांच्या दारावरून जाणार. किती जणांशी वाकडे घेणार? शेवटी तिनेच गरम पाण्याचा थर्मास आणून ठेवला. कंपनीचे साहेब तपासणीला आले की ती नुसती भुवई उडवायची आणि सगळे आताच आल्यासारखे ताठ बसायचे. दुकान परक्यांचे राहिले, पण राबता इथला झाला. माझी मात्र हाडे खिळखिळी झाली. घटकाभराच्या पाहुण्यांसाठी मला केले होते आणि इथे माणसे मुक्कामालाच येऊ लागली.

त्यांत सर्वांत मुक्कामी म्हणजे मास्तर. शिंपीकाम करत, म्हणून मास्तर. तयार कपड्यांपुढे त्यांचे दुकान टिकले नाही. बायको वारली. घरी एक खोली आणि एक मुलगा. मुलाचे काम रात्रीचे. दुकाने बंद झाली की त्यांतले जुने सामान उखडायचे आणि नवे बसवायचे. सकाळी तो मोडून आल्यासारखा घरी येई आणि अंथरुणावर पडे. मास्तरांना खोकला. आपल्यामुळे पोराची झोप मोडू नये म्हणून तो आला की ते चपला चढवत आणि "दोस्ताच्या दुकानात बसतो रे," असे सांगून बाहेर पडत. हे सारे त्यांनीच एकदा मॅनेजरताईला सांगितले होते. तो दोस्त केव्हाच वारला होता. दोस्ताचे दुकान म्हणजे मी.

पहिल्या दिवशी ते माझ्यावरून दहादा घसरले. मी तरी काय करणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी एक उशी शिवून आणली, पुढून जाड आणि मागून पातळ. माझा सगळा उतार तिने भरून काढला. कापड होते मुलाच्या शाळेच्या निळ्या पँटचे. एका बाजूला शाईचा डाग तसाच होता. उशी त्यांनी नाड्यांनी मला बांधली आणि मग दुपारपर्यंत माझ्यावर निवांत बसून राहू लागले. दुसरे कोणी बसायला आले की मॅनेजरताई म्हणे, "ती नको, ती मास्तरांची आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी झाले होते.

एके दिवशी कंपनीचा हुकूम आला. हल्ली लोक मोबाइलवरून मागवतात, तेव्हा खुर्च्या काढा आणि उभ्याने खायचे कट्टे बसवा. मॅनेजरताईने मास्तरांना ते सांगितले.

"काका, उद्यापासून कुठे बसणार?"

"बघू. पाय आहेत अजून."

"निदान उशी तरी घेऊन जा."

"घरी नेली तर पोरगा विचारेल, ही कुठली म्हणून. राहू दे तिथेच."

बाहेर ऊन रणरणत होते. काचेतून मी त्यांना जाताना पाहिले. मला फार वाईट वाटले. एवढ्या जणांना मी उठवले होते, पण हा एक माणूस उठू नये असे मला मनापासून वाटत होते.

पहाटे मॅनेजरताईने दार उघडले आणि कामगार पाने-हातोडे घेऊन आत आले. खटाखट बहिणी उखडल्या गेल्या. माझ्यापाशी एक तरुण वाकला आणि थांबलाच. तो त्या शाईच्या डागावर बोट फिरवत राहिला.

"ताई, ही उशी कुणाची?"

"मास्तरांची. रोज सकाळी येऊन दुपारपर्यंत बसतात. मुलाची झोप मोडू नये म्हणून."

तो माझ्यावर बसला. सोबतचे म्हणाले, "अरे ऊठ, गाडी भरायचीय." तो म्हणाला, "थांबा जरा." मग माझे बोल्ट त्याने स्वतः, अगदी हळू सोडवले आणि भंगाराच्या गाडीकडे न नेता मला खांद्यावर घेतले.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मास्तर चपला घालत होते.

"कुठे निघालात, बाबा?"

"दोस्ताच्या..." एवढे म्हणून त्यांनी मान वर केली. मुलाच्या खांद्यावर मी होते आणि माझ्यावर ती निळी उशी.

"दोस्ताला घरीच आणलंय," मुलगा म्हणाला. "बसा."

"अरे, पण तुझी झोप..."

"खोकलात तर खोकलात. तुम्ही माझ्यासाठी रोज बाहेर दिवस काढताय हे कळल्यावर मला कसली झोप लागणार?"

मला स्वतःचे पाय नाहीत, म्हणून त्याने माझ्या खांबाखाली लोखंडी पत्रा जोडून दिला. आता मी खिडकीशी उभी असते. रंग उडाला आहे, एक कड तडकली आहे. मास्तर माझ्यावर बसतात. त्यांना खोकला येतो, मुलगा कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो.

मित्रांनो, मला पुसा, घासा, असे मी म्हणत नाही. एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातला म्हातारा माणूस रोज सकाळी दोस्ताकडे जातो म्हणून निघत असेल, तर एकदा त्याच्याबरोबर जा आणि तो कशावर बसतो ते बघून या.