फाटकाबाहेर नेलेलं वासरू

वकिलीची सनद घेऊन मी त्या उन्हाळ्यात खोट्या म्हशी जन्माला घालत होतो. दिंद्रुडजवळ एका दूध संस्थेची चारा छावणी होती. तिथं कुठल्या जनावराला वैरण द्यायची, हे आता सरकारी नियमावरून मोबाईलमधला प्रोग्राम ठरवणार होता, आणि तो नियमाप्रमाणेच उत्तर देतो का, हे मला तपासायचं होतं. मनानं एकेक जनावर रचायचं, प्रोग्रामला विचारायचं, मग नियम उघडून ताडून बघायचं. दुपारपर्यंत पत्रा आणि डोकं दोन्ही तापायचं. नियमांचा कंटाळा आला होता, माझाही.

नियम म्हणे, वैरण फक्त बाहेरून दाखल झालेल्या जनावराला. मग छावणीतच जन्मलेल्या वासराचं काय? व्यवस्थापक विठ्ठलराव हसले. वासरू वैरण खायला लागलं की मालकानं ते फाटकाबाहेर न्यायचं आणि वळवून आत आणायचं, झालं दाखल. आजवर असंच चालत आलं होतं.

छावणीत गाय घेऊन राहिलेल्या सरूबाईंचं वासरू तीन महिन्यांचं, इथंच जन्मलेलं. गाय आटलेली. गाईच्या वाट्यातच दोघांचं भागत होतं, म्हणजे भागत नव्हतं. बाईंनी माझ्यासमोर वासरू फाटकाबाहेर नेलं, आत आणलं. विठ्ठलरावांनी कानातला बिल्ला मोबाईलला दाखवला. ते छावणीतच जन्मल्याची नोंद जनावरांच्या डॉक्टरांनी त्या बिल्ल्यावर आधीच केली होती. उत्तर आलं, अपात्र.

आपलंच काही चुकलं असेल असं वाटून बाईंनी ते पुन्हा बाहेर नेऊन आणलं.

विठ्ठलराव मला बाजूला घेऊन म्हणाले, प्रोग्राम चुकला एवढं लिहा, दुरुस्त होईस्तोवर जुन्या रीतीनं आमचं आम्ही बघू. मी लिहिलंसुद्धा. मग नियम परत वाचला आणि स्वतःचाच राग आला. प्रोग्राम चुकला नव्हता. माझ्या नोंदी तपासणारा वरचा माणूस तोच नियम उघडून मला दोन मिनिटांत खोटं पाडणार होता. मी लिहिलेलं पुसलं आणि ‘बरोबर’ अशी नोंद केली. खाली नियम बदला असंही लिहिलं, पण ते वाचणं कुणाचं काम, हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सरूबाई दावणीपाशी थांबल्या होत्या.

“सायेब, मशीन चुकलं ना?”

“न्हाई मावशी. बरोबर हाय ते.”

त्यांनी वासराच्या मानेवरून हात फिरवला.

“चुकलं असतं तर कुनाला तरी म्हनता आलं असतं,” त्या म्हणाल्या. “आता कुनाला म्हनू?”