झाकण नसलेली किटली

मी एक किटली आहे, कॉफीची. पार उत्तरेच्या टोकाला, बर्फातल्या एका बेटावर पडून आहे.

मला हिल्मारनं इथं आणलं. तो कातड्यांसाठी कोल्हे धरायला यायचा आणि अख्खा काळोखी हिवाळा एकटा काढायचा. एकट्या माणसाला बोलायला कुणीतरी लागतंच. "काय गं काळे, झोपलीस का?" म्हणत मला चुलीवर ठेवायचा. वाऱ्यानं खोपटं हललं की माझ्या अंगाला दोन्ही हात लावून बसायचा.

एका उन्हाळ्यात त्याला न्यायला बोट आली. बर्फ सरकत होता, बोटवाले घाई करत होते. त्या गडबडीत माझं झाकण त्याच्या सामानात गेलं आणि मी दारातल्या दगडावर राहिले. "येतो गं पुढच्या वर्षी," तो लांबूनच म्हणाला. पुढच्या वर्षी लढाई लागली. तो आलाच नाही.

खोपटं पडलं. एका अस्वलानं मला चावून बघितलं आणि टाकून दिलं. मी दगडांच्या फटीत जाऊन बसले, ती बसलेच.

आता उन्हाळ्यात जहाजं येतात. रबरी होड्यांतून लाल कोटांतली माणसं उतरतात, किनाऱ्यावर लोळणारे सुळेवाले वालरस बघतात, कड्यावरचे पक्षी बघतात, मग माझ्याभोवती उभी राहतात. जुन्या वस्तूला हात लावायचा नाही, असा इथला कायदा आहे. चांगलाच आहे. पण इतकी माणसं येतात आणि एकाचाही हात लागत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

"एवढ्या लांब येऊन किटली बघायची?" यंदा एकजण म्हणाला. "माझ्या माळ्यावर हिच्यापेक्षा बरी आहे."

"पाठवून द्या. ऐंशी वर्षांनी तीही दाखवू," तोरिल म्हणाली. लोकांना फिरवणारी मुलगी ती, अस्वलांसाठी बंदूक घेतलेली.

सगळे पुढं गेले. एक म्हातारी मागं राहिली, तिच्यासाठी तोरिलही थांबली. तिनं खिशातून झाकण काढलं. माझंच.

"मी आस्लाउग. हिल्मारची मुलगी," ती तोरिलला म्हणाली. "बाबा जाईपर्यंत घोकत होते, तिच्यात बर्फ जात असेल म्हणून."

"आजी, इथून काही न्यायचं नाही."

"नेतेय कुठं? द्यायला आलेय."

"द्यायचंसुद्धा नाही हो."

"मग तू आपली अस्वलं बघ की. त्याचाच पगार आहे ना तुला?"

तोरिल हसली. "अस्वलं त्या बाजूनं येतात," म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली.

म्हातारी गुडघ्यांवर बसली. तिचा हात अगदी जवळ आला. त्याची ऊब मला कळली. पण यंदा माझ्या पोटात पांढऱ्या चिमणीनं घरटं केलं होतं, आत पिलं होती. मला सांगता येत नव्हतं. खरं म्हणाल तर, तो हात लागेपर्यंत तरी, सांगायचंही नव्हतं.

पिलंच चिवचिवली. हात थांबला. म्हातारी वाकून आत बघत राहिली.

"झालं का, आजी?"

"नाही गं. हिच्या घरात पोरं आहेत. झाकून कसं चालेल?" तिनं झाकण खिशात ठेवलं. "बाबांना वाटायचं, एकटी पडली असेल. उगाच झुरले."

ती बऱ्याच समाधानानं होडीकडे गेली.

पिलं परवा उडाली. सूर्य खाली आलाय, जहाजं बंद झाली. आता लांबच लांब काळोख.

तुम्ही कधी इकडं आलात तर हात लावू नका, कायदा आहे. पण लगेच पुढं जाऊ नका. जरा टेका. घरचं, हवापाण्याचं, काहीही बोला. मी मधे बोलणार नाही.