तंबूतल्या पडद्याचा राग

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीला लावतात तसला नव्हे, यात्रेच्या तंबूत सिनेमा दाखवतात तो. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. मोडकी खुर्ची असो की फाटकी छत्री, शेवटी ती सगळ्यांना माफ करून मोकळी होते. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला हे ऐकून घेतल्याशिवाय माझी घडी घालू नका.

विट्याच्या मागावर माझं कापड विणलं गेलं. जाडाभरडा मांजरपाट. तंबूचे मालक लालासाहेब. त्यांच्या वडिलांनी तो आणला आणि घरात नव्यानेच आलेल्या सुनेकडून, म्हणजे लालासाहेबांच्या बायकोकडून, शालूबाईंकडून, पट्टे जोडून शिवून घेतला. शालूबाई तेव्हा पोरसवदा होत्या. आता गुडघ्यावर हात टेकून उठतात, पण मला धुणं, सुकवणं, उसवलं तर टाके घालणं हे सगळं अजून त्याच करतात. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही.

आमच्या तंबूची एक जुनी रीत आहे. मी तंबूच्या टोकाला नसतो, मधोमध असतो. माझ्या पुढे पुरुष बसतात, मागे बायका. बाकीच्या तंबूंनी ही रीत केव्हाच सोडली. लालासाहेबांनी ठेवली, कारण मागच्या बाजूला बायकांना पाय पसरून मोकळं बसता येतं. खेळाआधी शालूबाई माझ्यावर पाणी शिंपडतात, म्हणजे चित्र आरपार उतरतं. मात्र मागून सगळं उलटं दिसतं. अक्षरं उलटी, आणि नायक डावखुरा. कुंडलच्या एका आजीबाईंची तर खात्रीच होती की सिनेमातली माणसं बिनदिक्कत डाव्या हाताने जेवतात.

मी स्वतः आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. आपल्या कपाळावरचं कुंकू आपल्याला दिसतं का? तसंच ते. सिनेमा माझ्या अंगावर चालतो आणि मी माणसं पाहत राहतो, पुढचीही आणि मागचीही.

ती पाहण्यासारखी होती हो! देवाचा सिनेमा लागला की माझ्यापुढे नारळ फुटायचे. सिनेमातली आई गेली की मिशीवाले बापे पटक्याच्या शेवाने डोळे पुसायचे आणि शेजाऱ्याने पाहिलं की धूळ गेली म्हणायचे. भुताचे सिनेमेही तेव्हा लागत. मेढ्याच्या यात्रेत एकदा अशी भीती बसली की लघवीला जायचं तरी माणसं जोडीने उठत होती. मला हसू यायचं, पण बरंही वाटायचं. भिण्यात पाप नाही. भ्यालेला माणूस शेजारच्याचा हात धरतो.

मग काहीतरी बिघडलं. नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही. आधी दुष्टाला मार बसला की शिट्ट्या पडायच्या, त्या मलाही गोड लागत. पुढे कुणालाही मार बसला तरी पडू लागल्या. मग रक्त दिसलं की. आणि आता एखादी बाई हात जोडून जीव मागत असते, तेव्हा समोर पोरं बाकावर उभी राहून मोबाइल वर धरतात. मी म्हणजे काही पाहायचं ठिकाण उरलो नाही, बोकड कापायची जागा झालो. "पब्लिकला रगात लागतंय, मी काय करू?" असं लालासाहेब म्हणतात. शालूबाई मात्र मला पिळताना जरा जोराने पिळतात.

हे सगळं मी गिळत आलो. पण यंदा म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत जे झालं ते गिळता येईना.

म्हसवडजवळच्या एका वस्तीवर बनाबाई आणि जालिंदर राहतात. जालिंदर सैन्यातून सुभेदार होऊन घरी आलेले, कमी बोलणारे. त्यांची मुलगी आम्रपाली सांगलीला शिकली आणि तिथेच नाटकात रमली. जालिंदरना ते पसंत नव्हतं. नोकरी धर, असा त्यांचा धोशा. पण तिला एका भुताच्या सिनेमात काम मिळालं आणि तो सिनेमा लालासाहेबांनी यात्रेसाठी मुद्दाम आणला. त्या सिनेमाचं नाव मी घेणार नाही. त्यात आम्रपाली सून झाली होती. सासरचे तिला मारतात आणि ती हडळ होऊन परत येते.

दुपारी भोंग्यावरून पुकारा झाला, "आपल्या भागातली हिरोईन, आम्रपाली!" तंबूच्या दारात हारतुरे झाले. ऋषिराज नावाचा एक उमदा तरुण, मित्रांचा घोळका घेऊन आलेला, त्याने पुढे होऊन तिला हार घातला आणि फोटो काढून घेतला. "ताई, नाव काढलंस बघ गावाचं," असंही म्हणाला. मला तो आवडला होता, हे सांगून ठेवतो.

संध्याकाळच्या खेळाला बनाबाई ठेवणीतली पांढरी साडी नेसून, वस्तीवरच्या बायकांना घेऊन माझ्या मागे बसली. आम्रपाली तिच्या शेजारी. जालिंदर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या बाजूला, अगदी पहिल्या ओळीत. लेकीचं काम ते पहिल्यांदाच पाहणार होते. पाहून त्यांचं मन वळेल, अशी आम्रपालीची आशा होती. तिने आईचा हात घट्ट धरला होता.

"आई, मला मारतील तवा घाबरू नगं बरं का," ती कुजबुजली. "रगत काकवीचं हाय. दिवसभर अंगाला मुंग्या लागल्या हुत्या. आन् कोयता लाकडाचा हाय."

"आगं व्हय, ठावं हाय मला," बनाबाई म्हणाली.

तो प्रसंग आला. भोंग्यातून आम्रपालीचा आवाज घुमला, "भावजी, पाया पडते, सोडा मला!" पोरीने जीव ओतला होता. माझ्या मागे बायकांनी तोंडाला पदर लावले. एकदोघी पोरी फिदीफिदी हसल्या, तेही सांगायला हवं. आणि पुढून पहिली शिट्टी आली.

ती ऋषिराजची होती. मग दहा बाजूंनी आल्या. "घाल आणखी एक!" "आरं, मान धर तिची, मान!" पोरं बाकांवर चढली. सिनेमातली बाई जितकी विव्हळे तितका इकडे कल्ला वाढे. पहिल्या ओळीत जालिंदरनी मान खाली घातली. मागे आम्रपालीने आईचा हात सोडला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

बनाबाई उठली. तिने माझी खालची कड दोन्ही हातांनी उचलली आणि वाकून पुढे आली. इतक्या वर्षांत मागून पुढे असं कुणी आलं नव्हतं. ती ताठ उभी राहिली, तर मशीनचा झोत तिच्यावर पडला. तिच्या पांढऱ्या साडीवर तिची लेक मरत होती आणि बनाबाई डोळे मिचकावत समोरच्या अंधारात माणसं शोधत होती.

"ए म्हातारे, बाजूला हो!"

"हिला खरंच वाटलं की रं!" केवढा हशा पिकला! लालासाहेबांनी घाईने मशीन थांबवून दिवे लावले.

ऋषिराज अजून बाकावरच होता. हसत, पण समजुतीने तो म्हणाला, "आवं मावशी, सिनेमा हाय ह्यो. पोरगी तुमची जित्ती हाय. मघाशीच फोटू काढला की आमी तिच्यासंगं."

"मला ठावं न्हाई व्हय?" बनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रगत काकवीचं हाय. कोयता लाकडाचा हाय. मरण समदं खोटं हाय. पर तुमच्या शिट्ट्या कशाच्या केल्यात रं? त्या तर खऱ्या हायत की!"

ऋषिराज बाकावरून खाली उतरला.

मित्रांनो, इथे मी थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण मग पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "मालक, चालू करा की! तिकीट काढलंय आमी." पुन्हा हशा झाला. लालासाहेबांनी दिवे घालवले. आम्रपाली कनातीच्या कडेने आली आणि आईला धरून घेऊन गेली. सिनेमा पुढे चालला, आणि हडळ जेव्हा एकेकाचा गळा धरू लागली तेव्हा शिट्ट्या पहिल्यासारख्याच पडल्या. मला हात असते तर मी दोऱ्या सोडून त्यांच्या डोक्यावर कोसळलो असतो. खोटं कशाला बोलू?

सकाळी शालूबाई माझ्यावरची धूळ झटकत होत्या. आम्रपाली बापाबरोबर आली होती. सांगलीची गाडी पकडायची होती, त्याआधी शालूबाईंना भेटायला. दोघं माझ्यासमोर रिकाम्या बाकावर बसली.

"अप्पा, मी सिनेमाचं काम सोडते," ती म्हणाली. "तुमी म्हणता तसं नोकरी बघते."

हेच तर जालिंदरना हवं होतं. पण ते म्हणाले, "का? शिट्ट्या घातल्या म्हणून?"

"मी वाईट केलं असंल काम. न्हाईतर एवढ्या माणसांत एकाला तरी दया आली असती की माझी."

"काम वाईट न्हवतं," जालिंदर म्हणाले. "मी माणसं मरताना बघितल्यात, पोरी. तू मरत हुतीस तवा मला बघवंना. मान खाली घातली मी. शिट्टी कोण घालतंय, त्येचं तोंड कसं दिसतंय, ते बघितलंच न्हाई. ती माझी चूक झाली. आजची गाडी सोड. एक खेळ थांब."

त्यांनी लालासाहेबांना गाठलं. "मालक, पोरीला मारत्यात तेवढ्या वक्ताला मला फकस्त फुडं हुबं ऱ्हाऊ द्या. चित्राच्या आड येत न्हाई. बोलणार बी न्हाई."

"आवं सुभेदार, धंदा बसंल माझा," लालासाहेब कळवळले.

"बसू द्या," शालूबाई म्हणाल्या. मला झटकताना त्यांचा हात थांबला नव्हता. "ऱ्हाऊ द्या त्यांस्नी हुबं."

संध्याकाळी तंबू पुन्हा भरला. ऋषिराज आला होता, नवे मित्र घेऊन. बनाबाई नि आम्रपाली माझ्या मागे. तो प्रसंग जवळ आला तसे जालिंदर पहिल्या ओळीतून उठले, माझ्या डाव्या खांबापाशी आले आणि माझ्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. टाचा जुळवलेल्या, हात दोन्ही बाजूंना, मान ताठ. त्यांच्या पाठीशी त्यांची लेक जीव मागू लागली.

ते ओरडले नाहीत. डोळेसुद्धा वटारले नाहीत. फक्त एकेकाचं तोंड पाहत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मित्रांनो, एवढी वर्षं ही तोंडं मी एकटाच पाहत आलो होतो. आज माझ्या शेजारी उभं राहून कुणीतरी तेच पाहत होतं. मला रडू येतं की नाही ठाऊक नाही, पण मी ओला होतो, आणि सगळं पाणी शालूबाईंनी शिंपडलेलं नव्हतं.

एक शिट्टी आली आणि मध्येच तुटली. ऋषिराजची बोटं ओठांपाशी गेली होती. त्याची आणि जालिंदरची नजरानजर झाली. त्याने बोटं खाली घेतली आणि शर्टाला पुसली, घाण लागल्यासारखी. मागच्या कोपऱ्यातून दोघातिघांनी दात काढले, "घाल, घाल" झालं. जालिंदरनी तिकडे नजर वळवली आणि ते बोलणारे बसल्या जागी खाली सरकले. मग तंबूत नुसता आम्रपालीचा आवाज उरला. कुठेतरी मधल्या ओळीत एक म्हातारबाबा चुकचुकले, "आरारा! काय दशा केली रं पोरीची!"

तेवढं एकच वाक्य. पण ते मागच्या बाजूला पोचलं. आम्रपालीने कानांवरचे हात काढले.

खेळ संपल्यावर ती पुढे आली. जालिंदर अजून खांबापाशीच होते.

"अप्पा," ती म्हणाली, "फुडच्या सिनेमात बी मला मारणार हायत."

"मग मी येतो," जालिंदर म्हणाले. "कंच्या गावाला लागतोय तेवढं सांग."

यात्रा उठली. शालूबाईंनी माझी घडी घातली. आता पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. तिथे दुसरी कुणी आम्रपाली माझ्या अंगावर हात जोडेल आणि समोर तुम्ही असाल. भ्या, डोळे झाका, शेजारच्याचा हात धरा, मला काही म्हणायचं नाही. रडलात तर धूळ गेली म्हणा, मी कुणाला सांगणार नाही. पण बोटं तोंडाकडे गेली तर जरा थांबा. तुम्हाला वाटतं अंधारात तुम्ही कुणाला दिसत नाही. मला दिसता. तुमची तोंडं मला फार स्वच्छ दिसतात आणि ती पाहून मी विटलो आहे. माझी फार काळजी घ्या असं मी म्हणत नाही, मला शालूबाई आहेत.

पण मित्रांनो, एका बापाने किती तंबूंत उभं राहायचं?