मऊ अस्तर

"पुन्हा ब्लिचिंग?" मी ओरडलेच. कुसुमबाईंची खालची कवळी काढली तर तिच्याबरोबर रक्ताची तार लोंबत आली.

"व्हय म्याडम, चुकलं," त्या म्हणाल्या.

सेलूत माझा दातांचा दवाखाना आहे आणि माझी जीभ तिखट आहे, हे दोन्ही गावाला माहीत आहे. कुसुमबाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. त्यांच्या खालच्या हिरडीचं हाड झिजून सुरीच्या धारेसारखं झालेलं, म्हणून कवळीला आतून मऊ अस्तर लावून दिलं होतं. दीड महिन्यापूर्वी त्या आल्या तेव्हा ते पांढरं पडून, कडक होऊन तडकलं होतं. ऑपरेशनची खोली ज्या ब्लिचिंगच्या पाण्यानं पुसायच्या, त्याच पाण्यात बाई कवळी रात्रभर बुडवून ठेवत होत्या. जंतू मरतात म्हणून! मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली. साधा साबण, गार पाणी, मऊ फडकं आणि पाण्यात टाकायला मी देते तीच गोळी, तीही दहाच मिनिटं. दुसरं काही वापराल तर खबरदार, असं बजावून नवं अस्तर बसवलं. आणि आज पुन्हा हेच. गाढवापुढे वाचली गीता, असं मनात म्हणत मी कवळी नळाखाली धरली.

धुऊन अस्तरावर अंगठा दाबला, तर तो आत रुतला. अस्तर पहिल्या दिवसाइतकं मऊ होतं; त्यानं तान्ह्या बाळाची हिरडीसुद्धा सोलली नसती. मग मी दिवा ओढून नीट पाहिलं. ओठ आतून फाटला होता. पदर बाजूला केला तर कानापासून हनुवटीपर्यंत गाल काळानिळा.

कोणी मारलं, मी विचारलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर त्यांचा मुलगा बालाजी बसला होता, कापसाच्या जिनिंगवर कामाला असलेला, दणकट.

"कागदावर ब्लिचिंगच लिवा," त्या हळूच म्हणाल्या. "मागल्या बारीला बी मार होताच. तुमी ब्लिचिंगवरच थांबल्या, दुसरं काई इचारलंच न्हाई."

मला माझी लाज वाटली. लपवायला सबब मीच पुरवली होती त्यांना.

मी खरं काय ते लिहायला घेतलं, तोच बालाजी आत आला. काय सांगायलीस तिला, असं विचारत त्यानं आईचे केस धरून तिला खुर्चीतून खाली ओढलं आणि बरगडीत लाथ घातली. डोकं खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटल्याचा आवाज झाला. भाकर जाड झाली एवढ्यावरूनही तो मारायचा, हे मला नंतर कळलं. त्यानं दुसऱ्यांदा पाय उचलला तेव्हा मी टेबलावरचा प्लास्टरचा साचा त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचं हाताला कळलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तो माझा गळा धरायला आला, मी पुन्हा हाणला. शेवटी शेजारच्या दुकानातल्या चौघांनी त्याला फरफटत बाहेर नेलं.

हवालदार आला. आई पोटच्या पोराविरुद्ध तोंड उघडणार नाही, अशी त्याची खात्री होती, माझीही होती. पण भिंतीला टेकून, बिनदातांच्या तोंडानं, कुसुमबाईंनी सगळं सांगितलं.

मग त्यानं मुलाचं पूर्ण नाव विचारलं आणि त्या अडल्या. मध्ये बापाचं नाव येणार, आणि त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हवालदार समजूतदार होता. शेजाऱ्यांना विचारून घेतो, म्हणाला.

"कशाला? म्या सांगते की," कुसुमबाई म्हणाल्या. "बालाजी रंगनाथ." थोडा दम खाऊन त्यांनी पुढं सांगितलं, "माझे खालचे दात रंगनाथनं पाडले. लग्नाच्या तिसऱ्या साली."

मेलेल्या माणसावर गुन्हा नोंदवता येत नाही, असं हवालदारानं समजावलं.

"नका नोंदवू," त्या म्हणाल्या. "निस्तं नाव लिवा त्याचं."