जळवा बांधणारा शिकंजा

मित्रांनो, टेबलाच्या कडेला दात खाऊन बसलेला तो लोखंडी शिकंजा म्हणजे मी. आता जुना झालोय. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. जबड्यात गळ धरायचा आणि तसूभर हलू द्यायचा नाही, एवढंच शिकवलं.

तापवून, ठोकून, तेलात बुडवून माझं पोलाद कडक केलं आणि मी एका बापाच्या टेबलावर येऊन पडलो. तो खोट्या जळवा बांधायचा. गळावर पितळी मणी, मागे सशाच्या कातडीची काळी केसाळ पट्टी, वर दोऱ्याचे घट्ट वेढे. पाण्यात ओढली की ती अशी वळवळायची, की तलावातला बास मासा खरी जळू समजून झडप घालायचा आणि जिवाला मुकायचा. बापाच्या जळवांचं भारी कौतुक होई. त्याची बायको मात्र वैतागायची. "जेवणात सशाचे केस, अंथरुणात सशाचे केस! सशाशीच लग्न करायचं होतं!"

त्यांची लेक बापाशेजारी बसून शिकली आणि बघता बघता त्याच्या पुढे गेली. तिची जळू हातात घेऊन बाप नुसता "हं" म्हणायचा. एकदा "छान" म्हणावं, म्हणून पोर जीव टाकायची.

एके दिवशी होडीवाला आला. तो हौशी लोकांना तलावावर मासे धरायला न्यायचा आणि जळवा याच घरातून घ्यायचा. लेकीची जळू बघून तो थबकला.

"काका, राग मानू नका, पण पोरीनं तुमच्यावर वरताण केली. एका मोठ्या गळावर बांधून दे गं, उद्या मीच लावून बघतो. मासा निघाला, तर यापुढं तुझ्याच जळवा घेणार, तुझ्याच नावानं."

लेकीचा आनंद गगनात मावेना. ती नवा गळ घेऊन बसली, तसा बाप जवळ आला.

"टोकासकट जबड्यात सरकव. मोठा गळ असाच धरतात."

हे साफ खोटं होतं, मित्रांनो. गळ जिथे वळतो त्या बाकापाशी धरायचा आणि टोक बाहेर ठेवायचं. कडक टोक मी आवळलं, की त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. लेक आजवर बाकापाशीच धरत आली होती, पण बाबा सांगताहेत म्हटल्यावर तिनं शंका घेतली नाही. बापानं स्वतःच्या हातानं माझी दांडी आणखी एक वेढा पिळली.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्यानं टोक उडालेला गळ टेबलावर आपटला. "होडीपाशी आणला होता गं! एवढा मासा जन्मात लागला नव्हता. पाहुण्यांसमोर माझं हसं झालं. या घरातली जळू नको आता. तुझी नको, काकांचीही नको."

तो गेल्यावर लेकीनं गळ दिव्याखाली धरला. मोडल्या जागी माझ्या जबड्यांचे वण होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"होतं," बाप म्हणाला. "तुझं नाव झाल्यावर मला कोण विचारणार होतं?"

आता बापाची बोटं थरथरतात. लेक अजून रोज एक जळू बांधते. कुणासाठी, ते विचारायची सोय नाही. एकदा ती बघून बापाला राहवलं नाही. "छान झालीय गं," तो म्हणाला. लेकीनं पातं उचललं आणि दोरा कापला. मणी घरंगळला, पट्टी गळून पडली, माझ्या जबड्यात नागडा गळ उरला. पुढे तो जेव्हा जेव्हा "छान" म्हणाला, तेव्हा तेव्हा तिनं तेच केलं.

मित्रांनो, अवजाराला अधूनमधून तेल द्या. विसरलात तरी बिघडत नाही, गंज घासून काढता येतो. माणसाला द्यायचा चांगला शब्द मात्र शिळा करू नका. मला दया येत नाही, तरी सांगतोय.

कालची जळू अजून माझ्या जबड्यात आहे. इतकी देखणी जळू मी कधी धरली नव्हती. लेक हातात पातं घेऊन बसली आहे. आणि बाप सकाळपासून समोर बसलाय, स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून.